उत्तररात्रीचे गाणे आणि शेजाऱ्याची झोप

रागाला वेळ असते, ही हिंदुस्थानी संगीतातील जुनी धारणा. दरबारीला रात्र लागते. ललत पहाटेच्या उंबरठ्यावर खुलतो. भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू केलेला महोत्सव दीर्घकाळ रात्रभर चालत असे आणि या धारणेला तेथे प्रत्यक्ष आधार मिळे.

२००० साली केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास लेखी परवानगी आवश्यक ठरली; रात्री दहा ते सकाळी सहा तो निषिद्ध झाला. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून फार तर पंधरा दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंत, राज्य शासनास सवलत देता येते. उत्तररात्रीचे राग उघड्या मांडवातून असे हद्दपार झाले.

कायद्याला दरबारी आणि गोंगाट यांतला भेद कळत नाही, अशी रसिकांची तक्रार असते. तक्रार खरी आहे. परंतु हा भेद कायद्याने करावा, ही अपेक्षा अधिक भयावह आहे. कोणते गाणे श्रेष्ठ हे परवाना देणारा अधिकारी ठरवू लागला, तर आज दरबारीला मिळालेली मुभा उद्या लावणीला किंवा कव्वालीला नाकारली जाईल. डेसिबल मोजणारा नियम अरसिक असतो, म्हणूनच तो निःपक्षपाती राहू शकतो.

शिवाय मांडवापलीकडे पहाटेच्या पाळीला जाणारा कामगार असतो, अंथरुणाला खिळलेला रुग्ण असतो. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. ध्वनिक्षेपक नव्हता तेव्हा श्रोता आपल्या पायांनी बैठकीला येई. आता गाणेच न बोलावता घरात शिरते. न ऐकण्याचाही हक्क असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मान्य केले.

मग त्या पंधरा दिवसांचे काय? झोप शेजाऱ्याची, दान मात्र शासनाचे. ज्याचे काही जाते त्याला कोणी विचारत नाही, हा या सवलतीतील नैतिक दोष होय. परवान्याने आयोजक कायद्यापुरता निर्दोष ठरतो. शेजाऱ्याचे ऋण त्याने फिटत नाही.

बंदिस्त सभागृहात दरबारी आजही रात्री गाता येतो. तेथे श्रोते थोडे असतील, डोक्यावर आकाश नसेल. ही हानी खरी आहे, आणि ती सोसणे रसिकतेच्या विरोधात नाही. दुसऱ्याच्या शांततेचे मोल ज्याला कळते, त्यालाच दोन स्वरांमधली शांतताही ऐकू येते.