नियम काय मोजतो?

मुंबईत १८३२ साली कुत्र्यांवरून दंगल झाली होती. शहरातली मोकाट कुत्री वर्षातल्या ठरावीक दिवसांत मारावीत, असा कंपनी सरकारचा जुना नियम होता. त्या वर्षी ती मुदत वाढवण्यात आली आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे मिळू लागले. आठ आण्यांसाठी मोकाट कुत्र्यामागे उन्हात पळण्यापेक्षा ओट्यावर झोपलेले पाळीव कुत्रे उचलणे सोपे होते. पकडणाऱ्यांनी तेच केले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक विधीत मान आहे. ६ जूनला, त्यांच्या पवित्र दिवशी, कोटातले पारशी रस्त्यावर उतरले. मग इतर समाजांचे लोकही त्यांना मिळाले, बाजार बंद पडला आणि अखेर लष्कर बोलवावे लागले.

सरकारला भीती होती पिसाळलेल्या कुत्र्यांची. त्याचा नियम मात्र मोजत होता मेलेली कुत्री. जे मोजले जाते तेच माणसे करतात, ही गोष्ट स्थानिक संस्थांच्या श्वान-धोरणात अजून कुणी मनावर घेतलेली दिसत नाही.

रेबीजचे गणित तसे अवघड नाही. पिसाळलेला एक कुत्रा मरेपर्यंत सरासरी एक ते दोन कुत्र्यांना रोग देतो. गोवराच्या तुलनेत हा फारच आळशी प्रसार म्हणायचा. म्हणूनच एका भागातल्या दहापैकी सात कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली, तर विषाणूला पुढचा कुत्रा सापडत नाही आणि साखळी तुटते. सात कशाला, कमी पुरणार नाहीत का? त्या घडीला कदाचित पुरतीलही. पण कुत्री लवकर मरतात, पिल्ले भराभर येतात आणि वर्षभरात लसवंतांचा वाटा घसरत जातो. पुढच्या मोहिमेपर्यंत तो फार खाली जाऊ नये म्हणून सत्तर टक्के.

आता याच गणितात कुत्री मारण्याचा किंवा उचलून नेण्याचा नियम घालून पाहावा. एका वस्तीत शंभर कुत्री आहेत, त्यांतल्या सत्तरांना लस दिली आहे. गाडी येते आणि पन्नास उचलते. हाताशी कोण येणार? माणसाळलेली, म्हणजे बहुतेक लस घेतलेलीच. उरलेल्या पन्नासांत धड निम्म्यांनाही लस नाही आणि रिकाम्या जागी शेजारची अनोळखी कुत्री येतात. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर १९९७ मध्ये मच्छीमारांच्या होडीतून आलेल्या कुत्र्यांबरोबर रेबीज पोहोचला. तिथे प्रचंड संख्येने कुत्री मारली गेली, तरी रोग हटला नाही. २००८ मध्ये बालीत तो शिरला, तिथेही आधी हत्यासत्र झाले आणि रोग बेटभर पसरला. तो आटोक्यात येऊ लागला तो बेटभर लसीकरण सुरू झाल्यावर.

मग इंग्लंडने रेबीज घालवला तो कसा? मुसक्यांनी. सुरुवातीला प्रत्येक परगण्याचा हुकूम वेगळा होता. एका गावात कुत्र्याला मुसके सक्तीचे, ओढ्यापलीकडच्या गावात मोकळीक. रोग इकडून तिकडे फिरत राहिला. १८९७ मध्ये शेतकी मंडळाचे प्रमुख वॉल्टर लाँग यांनी मोठमोठ्या टापूंना एकच नियम लावला, श्वानप्रेमींच्या शिव्या खाल्ल्या, आणि १९०२ मध्ये ब्रिटन रेबीजमुक्त झाले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर रोग परतला, तेव्हा पुन्हा हाच मार्ग धरून १९२२ पर्यंत तो संपवला. पण तिथल्या कुत्र्याला मालक होता आणि मालकाला दंड करता येत होता. आपल्याकडचे कुत्रे कितीतरी वेळा गल्लीचे असते. सकाळी चहावाला बिस्कीट टाकतो, रात्री वॉचमन पोळी घालतो, आणि चावले की ते कुणाचेच नसते. मुंबई-पुण्यातला श्वान परवाना, त्यासाठी लागणारा लसीचा दाखला, हे सगळे ठीक आहे. पण ते पट्टेवाल्या कुत्र्यापुरते.

भारतात हा गुंता सुटू शकतो हे गोव्याने दाखवले. तिथे ‘मिशन रेबीज’ या संस्थेने राज्य सरकारबरोबर २०१३ पासून काम उभे केले. एकेका पथकाला त्या दिवसाचा भाग मोबाइलच्या नकाशावर आखून मिळायचा. हाताने धरता येणारी कुत्री हाताने, बाकीची जाळीने. लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची, नोंद करायची, सोडून द्यायचे. खरी मेख त्यानंतरची. त्याच गल्ल्यांतून फेरी मारून रंगाची किती आणि बिनरंगाची किती, हे मोजायचे. सत्तर टक्के भरले नाहीत तर पथक पुन्हा तिथेच. याच पद्धतीने वर्षाला पंच्याण्णव हजारांहून अधिक कुत्र्यांना लस मिळू लागली आणि सुमारे दीड लाख शाळकरी मुलांपर्यंत माहिती पोहोचू लागली. पिसाळल्याचा संशय असलेल्या कुत्र्याची खबर देण्यासाठी दूरध्वनी, त्याला पकडणारे पथक आणि मेल्यावर मेंदूची तपासणी, अशी साखळीही बसवली गेली. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. २०२१ मध्ये गोवा देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य ठरले. अर्थात राज्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका विषाणूला अडवत नाही. शेजारी सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार आहेत आणि तिथली टक्केवारी हा गोव्याचाही प्रश्न आहे.

बाकी देशाचा भर निर्बीजीकरणावर आहे. २००१ चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम ही जबाबदारी पालिका आणि पंचायतींवर टाकतात. कुत्रे पकडायचे, शस्त्रक्रिया करायची, लस द्यायची, पूर्वीच्याच जागी सोडायचे. हेतू रास्तच, पण लस इथे शस्त्रक्रियेच्या शेपटाला बांधलेली. एका शस्त्रक्रियेमागे डॉक्टर, पिंजरा आणि काही दिवसांचा मुक्काम लागतो. लसीला मिनिट पुरते. शस्त्रक्रियेच्या गतीने सत्तर टक्के गाठू पाहणारी पालिका आयुष्यभर गाठत राहील. गोव्याने निर्बीजीकरण सोडले नाही, पण लसीला त्याच्या रांगेत उभे केले नाही.

२००१ च्या नियमांत एक कलम मात्र वाखाणण्याजोगे होते. पिसाळल्याची दाट शक्यता असलेले कुत्रे मारू नका, वेगळे ठेवा. ते साधारण दहा दिवसांत मरतेच. आधी मारले तर रेबीज खरोखर किती आहे हे कळत नाही. नियमाने स्वतःचे कारण सांगावे, असे आपल्याकडे क्वचितच घडते.

गावात तर मोजणीची सुरुवातच नाही. गाय लाळ गाळू लागते, घशात काही अडकले असेल म्हणून मालक तिच्या तोंडात हात घालतो, आणि ती दगावल्यावर कधीतरी आठवते की मागे एक कुत्रे चावले होते. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत रेबीज आहे. संशयित जनावराची खबर देणे हे मालकाचेच नव्हे, जनावर ज्याच्या ताब्यात आहे अशा कुणाचेही, पंचायतीचेसुद्धा, कर्तव्य आहे. किती सरपंचांना हे ठाऊक असेल?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात न्यायला सांगितले, आणि अकरा दिवसांत आदेश बदलून, पिसाळलेली व हिंस्र कुत्री वगळता बाकीची लस देऊन परत सोडायला सांगितले. देशभर कडाक्याचे वाद झाले. कुत्र्यांनी राहावे कुठे, त्यांना खायला कुणी आणि कुठे घालावे, यावर सगळे बोलले. कोणत्या वॉर्डात किती टक्के कुत्र्यांना लस आहे, हे विचारणारा आवाज त्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही.

केंद्राच्या राष्ट्रीय आराखड्यात कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा आहे. पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्ड सभेत वाचकांनी दोनच प्रश्न विचारावेत: आपल्या हद्दीतल्या किती टक्के कुत्र्यांना यंदा लस मिळाली, आणि ते मोजले कुणी? उत्तर लेखी मागावे.