लाल फडकं

मुलुंडच्या एका तरुण कंत्राटदाराला नगर जिल्ह्यात, के. के. रेंजच्या कडेच्या गावात पाण्याच्या टाकीचं काम मिळालं. ही रेंज म्हणजे लष्कराचं रणगाड्यांच्या सरावाचं मैदान. झाडलेला प्रत्येक गोळा फुटतोच असं नाही. काही मातीत रुतून बसतात. भंगाराच्या चार पैशांसाठी असे गोळे फोडताना आसपासच्या गावांत माणसं गेली आहेत.

पायाच्या तिसऱ्या खड्ड्यात जेसीबीचा दात ठण्णकन वाजला. ढेकळांतून गंजलेलं नळकांडं दिसलं, त्याला तांब्याची हिरवी पडलेली कडी.

"मेलेला आहे, साहेब. बाजूला टाकतो," म्हणत ऑपरेटर खाली उतरू लागला. कंत्राटदाराचे मामा सोबत होते, घाटकोपरला राहणारे, गोदीतून निवृत्त झालेले. त्यांनी ऑपरेटरचा दंड धरला.

"गाडी बंद कर. मागे चल."

"मामा, पोलिसांना कळवलं की काम बंद. पाऊस तोंडावर आलाय, बिल अडकेल."

"अरे, गंजला म्हणजे मेला नाही. तोफेतून सुटतानाच त्याची कळ मोकळी होते. मग नुसता धक्का लागायचा बाकी." मामा क्षणभर थांबले. "माझे वडील १९४४ साली गोदीत होते. १४ एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाज पेटलं. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, सोबत कापसाच्या गाठी. अशा जहाजावर लाल बावटा लावायची रीत, तो लावलाच नव्हता. आत काय आहे हे भोवतालच्या कित्येकांना ठाऊकच नव्हतं. दुपारी चार वाजून गेले आणि जहाज फुटलं. ६६ बंबवाले गेले, शेकडो माणसं गेली. बावटा असता तर आग लागली नसती असं नाही. पण माणसं लांब तरी पळाली असती."

सळया आणलेल्या ट्रकच्या मागे लाल फडकं लोंबत होतं. मामांनी ते सोडलं, काठीला बांधलं आणि खड्ड्यापासून बरंच अलीकडे, रस्त्याच्या तोंडाशी रोवलं. भाच्याने ११२ला फोन लावला.

पोलिसांनी जागा अडवली. लष्कराच्या पथकाने गोळा निकामी केला, मग सगळी जागा यंत्राने तपासली. चौथा खड्डा जिथे घ्यायचा होता तिथे आणखी एक निघाला.

भाच्याचं नुकसान झालं, हे लपवायचं कशाला? काम आठवडेच्या आठवडे थांबलं, पहिल्या पावसात खड्डे भरले, बिल दिवाळीनंतर निघालं. पण ऑपरेटर आजही त्याच्याकडेच कामाला आहे.

अशा भागात काम घेणाऱ्यांनो, जागा तपासण्याचे दिवस आणि खर्च टेंडर भरतानाच धरा. आणि असं काही सापडलं तर हात न लावता माणसं मागे घ्या, खूण करा, ११२ला कळवा.