वचन कुणाला दिलं?

दादा मोहाडी तालुक्यात मास्तर होता, मी भंडाऱ्याच्या कोर्टात वकील. निकाल वाचायचं व्यसन मात्र दोघांनाही सारखंच. यावेळी सुरुवात त्यानंच केली.

"7 सप्टेंबर 2017, मुंबईचं टाडा न्यायालय. 1993 च्या स्फोटांत 257 माणसं गेली, त्याच खटल्याचा निकाल. ताहिर मर्चंट आणि फिरोज खानला फाशी, अबू सालेमला जन्मठेप. काहून? तो पोर्तुगालला पळाला होता म्हणून."

"पळाला म्हणून नाही. त्याला आणायचं तर अट मान्य करावी लागली म्हणून. पोर्तुगालात फाशी नाही, जन्मठेपही नाही. 25 वर्षांवर शिक्षाच नाही. डिसेंबर 2002 मध्ये उपपंतप्रधान अडवाणींनी भारताच्या वतीनं लिहून दिलं की फाशी देणार नाही, 25 वर्षांवर कैद नाही. मग नोव्हेंबर 2005 मध्ये तो हाती लागला. शिवाय आपल्या प्रत्यार्पण कायद्यातलं 34-सी कलम हेच सांगतं. ज्या देशात फाशी नाही त्यानं आरोपी सोपवला, तर त्याला जास्तीत जास्त जन्मठेप."

"आणि फिरोज?"

"तो नव्या मुंबईत सापडला."

"म्हणजे परदेशात सापडला नाही, हा त्याचा गुन्हा. ताहिर तर अबू धाबीहून आणलेला. त्याच्यासाठी असं वचन नव्हतं, त्याला फाशी. पळायचंच तर चांगल्या देशात पळावं, एवढा धडा कायदा शिकवतो बघ."

मी म्हणालो, वचन मोडलं तर पुढच्या वेळी कुठलाही देश आपल्याला आरोपी देणार नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच धरून सांगितलं: सालेमची 25 वर्षं संपली की केंद्रानं राष्ट्रपतींना शिफारस करावी आणि त्याला सोडावं.

"ते सरकारच्या सोयीचं झालं. मी न्यायाचं विचारतो."

"नाही तर तो लिस्बनमध्ये मोकळा फिरला असता. 25 वर्षं बरी की शून्य?"

"तू मला तोट्याचा हिशोब सांगतोस. माझा प्रश्न फिरोजचा आहे. सालेमला फाशी न देता या देशाचं चालतं, न्याय कोसळत नाही, लोक रस्त्यावर येत नाहीत. मग फिरोजला फाशी दिल्याशिवाय चालणार नाही, असं कुठलं कारण उरतं? कारण एकच, त्याच्यासाठी भांडणारा देश नव्हता."

यावर वकिली उत्तरं आहेत. प्रत्येकाची भूमिका वेगळी, पुरावा वेगळा. पण ती दोघांच्या शिक्षेतला फरक समजावत नाहीत, हे बोलतानाच कळत होतं. मी दुसरीकडून वार केला. "मग तुझ्या न्यायानं फाशी कुणालाच नको. म्हणजे खैरलांजीचा 2010 चा निकालही बरोबर."

29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत दलित भैयालाल भोतमांगेंची बायको, मुलगी आणि दोन मुलं मारली गेली. सप्टेंबर 2008 मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. जुलै 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती रद्द करून 25 वर्षांची कैद दिली. तोच आकडा. फाशीच्या निकालावर दादा खूश होता, हे मला ठाऊक होतं.

तो मात्र अडला नाही. "फाशी गेली त्याचं मला दुःख नाही. दोन्ही न्यायालयांनी अॅट्रॉसिटीचं कलम लावलं नाही. सूडाचं प्रकरण म्हणून मोकळे झाले. सालेमच्या कलमांवरून पोर्तुगालनं काय केलं होतं ते सांग."

मी गप्पच. त्याला ठाऊक होतं. सालेमला ज्या कलमांसाठी सोपवलं त्याबाहेरची कलमं भारतानं लावली म्हणून 2011 मध्ये लिस्बनच्या न्यायालयानं प्रत्यार्पणच रद्द ठरवलं, आणि आपल्याकडे काही आरोप मागे घेण्यासाठी धावपळ झाली.

"एक कलम जास्त झालं तर परका देश भांडायला उठतो. इथं एक कलम गळलं. भैयालालसाठी भांडलं कोण?"

"लोक भांडले, दादा. हत्याकांडानंतरच्या नोव्हेंबरात अख्ख्या महाराष्ट्रात लोक रस्त्यावर आले. सीबीआय आली, सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम आले. आणि कलमाचं म्हणशील तर तेव्हाच्या शब्दांत जातीमुळे गुन्हा केला हे सिद्ध करावं लागे. 2015 च्या दुरुस्तीनं ते बदललं. आता पीडित कोणत्या जातीचा हे माहीत असणं पुरतं."

"मग ते मागच्या खटल्याला लावा."

"लावता येत नाही. गुन्हा घडला तेव्हाचाच कायदा. संविधानाचं कलम 20."

"म्हणजे आरोपीला दिलेलं आणखी एक वचन."

"हो. आणि तेही पाळायलाच हवं."

"पाळा. मी मोडा म्हणत नाही. सालेमचं पाळा, खैरलांजीच्या आरोपींचंही पाळा. पण तुमच्या सगळ्या वचनांच्या पलीकडच्या टोकाला आरोपीच असतो. भैयालाल जानेवारी 2017 मध्ये गेला. त्याला राज्यानं काय लिहून दिलं होतं?"

"संविधान."

"त्याचा भंग झाला, तर कोणतं लिस्बन ते रद्द ठरवतं?"

मी म्हणालो, सर्वोच्च न्यायालय. त्यानं तारखा मोजायला सुरुवात केली, आणि चर्चा अपिलांना लागणाऱ्या वर्षांवर घसरली. वचन पाळावं, हे माझं मत आजही कायम आहे. फिरोजचं उत्तर मात्र मी दिलेलं नाही.