काळ्या पाण्यावरचा आजा

आज्याचा आजा काळ्या पाण्याला गेला, एवढंच आजी सांगायची. कशापायी, असं विचारलं की चुलीत फुंकणी घालायची.

दोस्त म्हणतात, बंडखोर असणार, लिहून टाक. का लिहू? म्हणजे मलाही सरदारांसारखं घराणंच पाहिजे की! त्यानं एखाद्या गरिबाचंच घर फोडून मुडदा पाडला असेल तर? तर तो माझा कोणी नाही?

१० मार्च १८५८ ला दोनशे कैद्यांची पहिली तुकडी अंदमानला उतरली. सेल्युलर जेल बांधून पुरं झालं १९०६ ला. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत जंगल तोडलं, दलदल बुजवली ती बहुतेक खुनी-दरोडेखोर म्हणून धाडलेल्यांनी. हार मात्र राजबंद्यांनाच. कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला. त्यावर नंबर, कलम, शिक्षेची तारीख. पेशवाईत गळ्यात मडकं, बेटावर लाकूड. समुद्र ओलांडला की जात जाते, म्हणून भल्याभल्यांची गाळण उडायची. ज्याच्या सावलीचाच विटाळ, त्याचं काय जाणार होतं?

गावच्या कुठल्या कागदावर आम्ही नाही. असलाच तर तो कैद्यांच्या रजिस्टरात, शिक्षा देणाऱ्याच्याच हस्ताक्षरात. ते खरं मानलं तर आजा गुन्हेगार. खोटं मानलं तर आजाच नाही. मी गुन्हेगार घरात घेतो. त्यानं कोणाला मारलं असेल, तर ते मढंही माझ्याच दारात.

पण रजिस्टर धुंडायचं तर नाव लागतं. आजीनं ते कधी उच्चारलंच नाही.