वखारीतील माणसाची पत

कोठार आणि वखार हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांच्यामागील वृत्ती परस्परविरुद्ध आहेत. पन्हाळ्यावरील अंबरखाना ज्यांनी पाहिला असेल त्यांस आमच्या म्हणण्याचा आशय तत्काळ ध्यानी येईल. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावे मिरविणाऱ्या त्या दगडी इमारती धान्य राखून ठेवण्यासाठी बांधल्या होत्या. वेढा पडला किंवा पावसाने दगा दिला तर उद्या उपयोगी पडावे म्हणून आज हात न लावणे, हा कोठाराचा धर्म. वखारीचे तसे नाही. वखार व्यापाऱ्याची; तेथे माल येतो तो जाण्यासाठीच येतो. आणि आजच्या वखारीने, जिला सर्वत्र गोदाम म्हणतात, या वृत्तीची परिसीमा गाठली आहे. माल तेथे रात्रभर पडून राहिला तरी तो व्यवस्थेचा दोष समजला जातो. साठविण्यासाठी बांधलेल्या घरात साठा हाच अपराध ठरावा, हा काळाचा एक विनोदच म्हणावयाचा.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे महाराष्ट्रातील अशा गोदामांचे मोठे ठाणे होय. ती तेथेच का उभी राहिली याची कारणे अगदी रोकडी आहेत. मुंबईची जकात २०१७ च्या जूनअखेरपर्यंत चालू होती. तेव्हा माल शहराच्या वेशीबाहेर ठेवावा आणि लागेल तसा आत न्यावा, हे व्यापाऱ्यास सोयीचे पडे. एका अंगास न्हावाशेव्याचे बंदर, दुसऱ्या अंगास नाशिकवरून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यापूर्वी कंपनीने आपलाच माल एका राज्यातील आपल्या गोदामातून दुसऱ्या राज्यातील आपल्याच गोदामात हलविला, तर त्यावर केंद्रीय विक्रीकर पडत नसे. म्हणून कंपन्या राज्योराज्यी लहान लहान गोदामे बाळगीत. ते कारणच नाहीसे झाले, आणि मोक्याच्या थोड्या ठिकाणी अवाढव्य गोदामे बांधणे किफायतीचे ठरले. मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ, दापोडे या गावांत जेथे पूर्वी भाताची खाचरे होती, तेथे आता पत्र्याची छपरे पसरलेली दिसतात.

याच भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट मात्र वर्षानुवर्षे मंदावत चालला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. गिरणगाव त्यातून पुन्हा सावरले नाही, आणि कापड विणण्याचे पुष्कळसे काम यंत्रमागांकडे गेले. म्हणजे एका पिढीने गिरणी पाहिली, दुसरीने माग पाहिला, आणि तिसरी गोदामाच्या दारात उभी आहे. सरकारी पत्रके या स्थित्यंतराची वार्ता एका शब्दात देतात: रोजगार. अमुक कोटींची गुंतवणूक, अमुक हजार रोजगार. आमची शंका या आकड्यांच्या खरेखोटेपणाविषयी नाही. रोजगार मिळाला एवढ्याने कामकरी माणसाचे देणे समाजाने फेडले असे होते काय, हा आमचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर सुशिक्षित मंडळींत फार लोकप्रिय आहे. ते असे की, विणकराची कला गेली आणि तिच्या जागी खोकी उचलण्याचे काम आले, ही अवनती होय. हे उत्तर आम्हांस पटत नाही. यंत्रमागाच्या खोलीत बारा बारा तासांची पाळी, कान बधिर करणारा आवाज, नाकातोंडात जाणारा तंतूंचा धुरळा, आणि जितके वार कापड तितकेच दाम. त्या खोलीत कलेचा वास ज्यांना येतो, त्यांनी तेथे एक दुपार काढलेली नसावी. उलट, ज्या मुलीला मागाच्या खोलीत कोणी उभे केले नसते, ती आज गोदामात पाळीवर जाते, तिच्या नावाने बँकेत पगार पडतो, आणि घरात तिचा शब्द पूर्वीपेक्षा जड झालेला असतो. ही गोष्ट लहान नव्हे. जो निबंधकार तिला लहान म्हणेल त्याने आधी तिच्या आईस विचारून यावे.

असे असूनही काही तरी गमावले आहे, ही भावना सर्वस्वी खोटी नाही. गिरणीतला साचेवाला आवाजावरून सांगू शके की कोणत्या साच्यात काय बिघडले आहे. ते ज्ञान त्याच्या कानात होते आणि तो घरी गेला म्हणजे त्याच्याबरोबर घरी जाई. गोदामातील ज्ञान हातातल्या यंत्रात असते. कोणत्या ओळीत, कोणत्या फळीवर, कोणत्या खणात वस्तू आहे हे यंत्र सांगते; माणसाने चालावयाचे, ती उचलावयाची, यंत्रास दाखवावयाची आणि पुढे चालावयाचे. किती पळांत उचलली हेही तेच यंत्र टिपून ठेवते. आमच्या महाविद्यालयातून पदवी घेतलेला एक तरुण अशा कामावर आहे. शिकावयास किती दिवस लागले, असे आम्ही सहज विचारले. तो म्हणाला, "सर, तीन दिवस. चौथ्या दिवसापासून फक्त पाय दुखतात." अॅडम स्मिथचा १७७६ चा प्रसिद्ध ग्रंथ टाचण्यांच्या कारखान्याने सुरू होतो, दहा माणसे कामाची वाटणी करून दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या कशा करतात, हे त्याने मोठ्या कौतुकाने सांगितले आहे. तेवढा भाग आमचे विद्यार्थी घोकतात. त्याच ग्रंथाच्या पाचव्या भागात तो म्हणतो की, जन्मभर दोनचार सोप्या क्रिया करणाऱ्याची बुद्धी वापराअभावी गंजून जाते, आणि यावर उपाय करणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे. हा भाग परीक्षेस येत नाही.

आमच्या संतपरंपरेकडे पाहिले म्हणजे हीच गोष्ट अधिक जवळून कळते. सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी, नरहरी सोनार. यांच्या नावापुढील धंदा हे केवळ जातीचे लेबल नाही. मळा, चाक, वस्तरा, मूस यांतून त्यांना जग दिसले आणि देवाशी बोलण्याची भाषाही त्यांनी तेथूनच उचलली. धंदा हे जगाकडे पाहण्याचे खिडकीसारखे साधन होते. गोदामातल्या ओळींमधून दिवसाकाठी कित्येक कोस चालणारा माणूस कोणत्या रूपकात बोलेल?

पण येथे थांबणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही. त्याच मांदियाळीत चोखोबा होते. गावाने त्यांच्या वाट्यास मेलेली ढोरे ओढण्याचे काम दिले होते. त्या कामात त्यांनी सौंदर्य शोधावे असे कोण म्हणेल? चोखोबांची तळमळ निराळी होती. दाराबाहेर का, ही ती तळमळ. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून ते मजुरांसह गाडले गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या, असे परंपरा सांगते. त्या भिंतीखालच्या बाकीच्या मजुरांची नावे कोणास ठाऊक नाहीत. आम्हांस वाटते, काम कौशल्याचे की बिनकौशल्याचे, हा वाद दुय्यम आहे. ज्याच्यासाठी आपण राबतो त्याच्या खाती आपले नाव आहे की नाही, आपली काही पत आहे की नाही, हा मुख्य प्रश्न होय.

आणि या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेले आहे. डोक्यावर व पाठीवर ओझे वाहणे याहून अकुशल काम ते कोणते? मुंबईच्या बाजारांतला माथाडी सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उतरवी, दुपारी दुसऱ्याची. त्यामुळे मालक कोण, असे विचारले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवी. अण्णासाहेब पाटील यांनी या लोकांस संघटित केले, आणि १९६९ साली राज्याने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्यातली युक्ती साधी आणि आमच्या मते फार थोर आहे. कामगाराची नोंद मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी आणि तीवर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरावयाची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, औषधपाणी. मालक दिवसात दहा बदलले तरी माणसाची सेवा अखंड राहते. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने याच वर्गास मान ताठ ठेवावयास शिकविले. ओझे तेच राहिले, वाहणारा मात्र निराळा झाला. या व्यवस्थेच्या नावाखाली खंडणी उकळणारे बनावट माथाडीही पुढे निघाले, हे आम्ही लपवीत नाही. परंतु खोटे नाणे निघाले म्हणून कोणी टाकसाळ बंद करीत नाही.

नव्या गोदामांत पुष्कळदा याच्या नेमके उलट घडते. कामगार ठेकेदाराचा, ठेकेदार बदलला की सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून. दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे झपाट्याने भरती होतात आणि सण सरला की तितक्याच झपाट्याने ओसरतात. गिरणीतल्या बदली कामगाराची गत काही निराळी नव्हती. पण त्यास निदान साहेब कोण ते ठाऊक असे. २०२४ च्या उन्हाळ्यात हरियाणातील मानेसर येथील एका गोदामात, सहा मालमोटारी रिकाम्या होईपर्यंत पाणी पिण्यास वा शौचास जाणार नाही, अशी शपथ कामगारांकडून वदवून घेतल्याची तक्रार प्रसिद्ध झाली, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तिची आपण होऊन दखल घेतली. ती वार्ता वाचून आमच्या परिचयाच्या एका सद्गृहस्थांस खरोखर संताप आला. त्याच सायंकाळी, मागविलेली वस्तू सकाळपर्यंत का येत नाही, म्हणून त्यांनी तक्रारही नोंदविली. ती वस्तू म्हणजे भिंतीवरचे घड्याळ होते. आम्ही त्यांस दोष देत नाही. आमच्याही घरी खोकी येतात. घाई फुकट मिळते असे आपणांस वाटते, कारण तिची किंमत पावतीवर छापलेली नसते.

आता एक आक्षेप राहतो आणि तो वजनदार आहे. अशी बंधने घातली तर हा धंदा दुसऱ्या राज्यात निघून जाईल, गिरण्यांचे झाले तेच याचे होईल. गिरणीच्या बाबतीत या भीतीत तथ्य होते. सूत सुरतेस विणले काय आणि मुंबईस विणले काय, गिऱ्हाइकास फरक पडत नाही. गोदामाचे मात्र सारे सामर्थ्य गिऱ्हाइकाच्या सान्निध्यात आहे. मुंबईच्या घरी उद्या सकाळी पोचावयाची वस्तू ठेवावयास मुंबईपासून फार दूर जाता येत नाही. तेव्हा गिरणीमालकापुढे राज्याचा जो नाइलाज होता, तो गोदामवाल्यापुढे नाही, आणि हे राज्यकर्त्यांच्या अद्याप ध्यानी आलेले दिसत नाही. यंत्रे येतील आणि माणसे जातील, ही भीती निराळी. तिला आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. पण माणसे स्वस्त व निनावी राहिल्याने यंत्रे कायमची थोपतील, असेही कोणी म्हणू नये.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली मंजूर होऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तीत प्रथमच घरोघर वस्तू पोचविणाऱ्या तरुणांसारख्या कामकऱ्यांना कायद्यात नाव मिळाले. गोदामाच्या आत राबणाऱ्या ठेकेदारी कामगारास याहून जवळचा मार्ग आहे. ठेकेदार कितीही बदलोत, नोंद एका मंडळाकडे असावी आणि सेवा माणसाबरोबर चालावी. हे व्यवहारात जमणारे नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी पहाटे वाशीच्या बाजारात जावे. तेथे पोती उतरविणारा माणूस कोणाचा नोकर आहे हे सांगणे आजही कठीण; पण त्याचे वर्षाचे खाते मंडळात आहे, आणि ते त्यास तोंडपाठ असते.