नाव घेण्याचं बंधन

जून २०२५मध्ये मिलानला प्राडाच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये मॉडेलांच्या पायांत जी पादत्राणं होती, ती कोल्हापुरातल्या कुणीही लांबून ओळखली असती. अंगठा, वेणीचा पट्टा, सपाट तळ. कंपनीच्या वर्णनात मात्र त्या फक्त ‘चामड्याच्या सँडल’ होत्या. कोल्हापूरचा उल्लेख नव्हता, त्या घडवणाऱ्या अथणीचा नव्हता, भारताचाही नव्हता.

पुढचा घटनाक्रम सर्वांना ठाऊक आहे. इकडे संताप उसळला. प्राडाचे लोरेंझो बेर्तेली यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र पाठवून या चपलांची प्रेरणा भारतीय पारंपरिक कारागिरीतून घेतल्याचं मान्य केलं. जुलैमध्ये कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला आणि इथल्याच कारागिरांकडून सुमारे ८०० युरो किमतीचे दोन हजार जोड करून घेण्याची घोषणा झाली. शेवट गोड झाला, असं अनेकांना वाटलं.

मला मात्र इथूनच खरा प्रश्न सुरू होतो असं वाटतं. हे सगळं घडलं ते लोकांच्या आवाजामुळे. समाजमाध्यमांवर गदारोळ झाला नसता, तर कायद्याने कारागिराला काय दिलं असतं?

कागदावर आपण सुरक्षित आहोत. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. सीमाप्रश्नावर इतकी वर्षं भांडणाऱ्या दोन राज्यांनी हा हक्क मिळून घेतला, हे विशेषच. कातड्याला, ते कमावायला लागणाऱ्या बाभळीच्या सालीला आणि हिरड्याला राज्याची हद्द नसते, हे त्यात मान्य झालं.

पण या हक्काला दोन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा हद्दीची. भारतातली नोंदणी भारतातच चालते. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराने देशांना भौगोलिक नावांचं संरक्षण करायला लावलं, पण अधिकचं कडक संरक्षण वाइन आणि मद्यांनाच दिलं. शॅम्पेनचं नाव दुसऱ्या वाइनवर कुणी ‘शॅम्पेनसारखी’ म्हणूनही लावू नये, इतकी काळजी त्या करारात आहे. हस्तकलेला तशी नाही. युरोपीय संघात तर हस्तकलेच्या आणि औद्योगिक वस्तूंच्या मानांकनाची संघभर चालणारी पद्धतच नव्हती. तशी पद्धत आणणारा कायदा लागू झाला १ डिसेंबर २०२५ला. म्हणजे मिलानच्या शोच्या दिवशी तिथे संघपातळीवर नोंदवायला कोल्हापुरीला जागाच नव्हती. आता ती जागा तयार झाली आहे आणि तिचा उपयोग करणं आपल्या हातात आहे.

दुसरी मर्यादा जास्त खोल आहे. भौगोलिक मानांकन नावाचं रक्षण करतं, घडणीचं नाही. आग्र्यात किंवा चीनमध्ये यंत्रावर केलेली चप्पल इथे ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली, तर तो गुन्हा ठरू शकतो. पण कुणी हुबेहूब कोल्हापुरी चप्पल केली आणि तिला कोल्हापुरी म्हटलंच नाही, तर या कायद्याच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. नाव चोरणाऱ्याला शिक्षा आहे, नाव पुसणाऱ्याला नाही. मिलानमध्ये जे दुखलं ते नेमकं हे पुसणं होतं.

दुसरे कायदेही इथे हात टेकतात. भारतात डिझाइनच्या नोंदणीसाठी घडण नवी असावी लागते आणि नोंदणी झाली तरी संरक्षण जास्तीत जास्त १५ वर्षं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वेणी नवी कशी ठरणार? हळदीच्या वेळी उलट झालं होतं. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७मध्ये रद्द करून घेतलं, कारण हे ज्ञान जुनं असल्याचे लेखी पुरावे आपल्याकडे होते. हळदीला जुनेपणाने वाचवलं. चपलेला तोच जुनेपणा उघड्यावर टाकतो.

आपल्या न्यायालयाचंही दार ठोठावलं गेलं. कारागिरांच्या वतीने काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलै २०२५मध्ये ती फेटाळली गेली: मानांकनाचे नोंदणीकृत मालक वेगळे आहेत, दाद त्यांनी मागावी. कायद्याच्या चौकटीत हे बरोबरच आहे. त्यानंतर साधारण महिन्याभराने कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि मानांकनातले महाराष्ट्राचे चारही जिल्हे त्याच्या कक्षेत आले. न्यायाचं दार जवळ आलं ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या दारातून आत जायला कारागिराची मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी, आणि ज्या कृतीविरुद्ध दाद मागायची ती मुळात बेकायदा ठरायला हवी.

मग मागायचं काय? आकारावर कायमची मालकी मागू नये, असं माझं मत आहे. कला उसनवारीवर वाढते. आज ज्या वेणीला आपण आपली म्हणतो, ती कापशी, कुरुंदवाड, अथणी अशा गावांनी एकमेकांकडून उचलत घडवली आहे. जगाने कोल्हापुरीवरून काही शिकूच नये, असा कायदा झाला तर त्यात तोटा आपलाच. मागायला हवा तो नाव घेतलं जाण्याचा हक्क.

हा हक्क कायद्याला अनोळखी नाही. कवीची कविता कुणीही छापली, तरी ती कवीच्या नावाने छापावी, हे बर्न कराराने आणि भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ने मान्य केलं आहे. मे २०२४मध्ये जिनिव्हात संमत झालेला करार आणखी पुढे जातो. जनुकीय संपदा किंवा तिच्याशी जोडलेलं पारंपरिक ज्ञान वापरून पेटंट मागणाऱ्याने त्याचा उगम जाहीर करायचा आहे. एकट्या लेखकाच्या कृतीला नाव हवं आणि वनस्पतीच्या ज्ञानाला उगम हवा, एवढं जगाला पटलं असेल, तर एका समाजाने हाताने घडवलेल्या वस्तूला का नको?

याचा एक नमुना मेक्सिकोत आहे. तिथे २०२२च्या कायद्याने आदिवासी आणि आफ्रो-मेक्सिकन समाजांच्या सांस्कृतिक वारशावर त्या समाजांचा सामूहिक हक्क मान्य केला आणि वापराआधी त्यांची संमती बंधनकारक केली. ऑगस्ट २०२५मध्ये ओआहाका राज्यातल्या याललाग गावच्या वाराचे चपलांशी साम्य असलेला जोड आदिदासने आणला, तेव्हा कंपनीच्या प्रतिनिधींना त्या गावात जाऊन लोकांसमोर माफी मागावी लागली. मेक्सिकोचा कायदाही देशाच्या सीमेपलीकडे पोचत नाही. पण त्याने गावाला कायदेशीर अस्तित्व दिलं, आणि कंपनीला बोलायचं कुणाशी हे ठरलं.

आपल्याकडे हेच ठरलेलं नाही. मानांकन दोन सरकारी महामंडळांच्या नावावर आहे. कातडं कमावणारा, तळ कापणारा, घरी बसून वेणी घालणारी बाई, हे सगळे त्या नावामागे दिसेनासे होतात. शतकानुशतकं या कामाला अस्पृश्यतेचा डाग लावला गेला. हात वापरले आणि माणसं दूर ठेवली. कारागिराचं नाव पुसण्याची सवय मिलानहून आलेली नाही. म्हणून जगाकडे नाव मागताना ते घरातही द्यावं लागेल.

त्यासाठी तीन गोष्टी करता येतील. आठही जिल्ह्यांतल्या प्रत्येक कारागिराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद व्हावी आणि तिचा खर्च सरकारने करावा. युरोपीय संघाच्या नव्या यादीत कोल्हापुरीची नोंद दोन्ही राज्यांनी मिळून करून घ्यावी. आणि भारताने आपल्या कायद्यात पारंपरिक घडणीला उगमाच्या उल्लेखाचा हक्क द्यावा, तोच व्यापार करारांच्या वाटाघाटींत मागावा. प्राडाशी झालेला करार चांगला आहे, पण तो एका कंपनीच्या तयारीवर उभा आहे. पुढच्या कारागिराला कुणाच्या तयारीची वाट पाहावी लागू नये, एवढं काम कायद्याचं आहे.