गळा नसलेल्यांचे गाणे

लहान मुलाच्या वाढीत संगीताचे स्थान काय, हा प्रश्न आजच्या शहरी मराठी घरात बहुतेक वेळा निवडीचा प्रश्न म्हणून उभा राहतो: बाळाला काय ऐकवावे, कोणत्या रागाने त्याला झोप लागेल, गरोदरपणी कोणते ध्वनिमुद्रण लावून ठेवावे, गाण्याच्या क्लासला कोणत्या वयात घालावे. या सगळ्यांच्या मुळाशी एक गृहीत असते, ते असे की संगीत बाहेरून, जाणकारांच्या हातून तयार होऊन येते आणि पालकाने ते योग्य त्या मात्रेत मुलापर्यंत पोहोचवायचे असते. हे गृहीतच तपासून पाहण्याची गरज आहे. पहिल्या तीन-चार वर्षांत मुलाला ज्या संगीताची सर्वाधिक गरज असते, ते पालकाच्या स्वतःच्या, न कमावलेल्या, प्रसंगी बेसूर आवाजातच असते. आणि हा आवाज मराठी घरांतून ओसरत चालला असेल, तर त्याचे मुख्य कारण पालकांची अनास्था हे नसून, गाणे हे फक्त गळा असलेल्यांचे काम आहे ही फार जुनी नसलेली, पण खोलवर रुजलेली समजूत हे आहे.

जन्मलेल्या बाळाचा कान कोरा नसतो. गर्भाचा आतला कान साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास काम करू लागतो, आणि आईच्या शरीरातून व गर्भजलातून गाळून आत पोहोचणाऱ्या तिच्या बोलण्यात शब्दांची टोके बोथट झाली, तरी आवाजाचे चढउतार आणि लय शिल्लक राहतात. म्हणजे भाषेचा अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी भाषेतले संगीत बाळाच्या ओळखीचे झालेले असते. अँथनी डी-कॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकी संशोधकांनी १९८० मध्ये दाखवून दिले की अवघ्या तीन दिवसांच्या आतली अर्भके, आईचा आवाज ऐकू यावा म्हणून, चोखण्याची आपली पद्धत बदलतात. पुढे २००९ मध्ये बुडापेस्टच्या इश्तवान विंकलर यांच्या गटाने झोपलेल्या नवजात बाळांना एक साधा ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातला वजनदार पहिला ठोका, तबल्याच्या परिभाषेत बोलायचे तर समेचा ठोका, गाळला; तेव्हा त्या बाळांच्या मेंदूने काहीतरी चुकल्याची नोंद केली. ताल ही संस्काराने येणारी गोष्ट आहे हे खरेच, परंतु तालाची अपेक्षा करण्याची क्षमता बाळ बरोबर घेऊन येते, आणि पालक मांडीवर थोपटतो तेव्हा तो या अपेक्षेलाच उत्तर देत असतो.

या उत्तराचे स्वरूप मोठे विलक्षण आहे. टोरांटो येथील मानसशास्त्रज्ञ सॅन्ड्रा ट्रेहब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे अभ्यासलेल्या 'बाळाला उद्देशून केलेल्या गायना'ची लक्षणे ठरलेली असतात: आवाज किंचित वरच्या पट्टीत जातो, लय संथ होते, स्वर लांबवले जातात, ओळींच्या मधल्या विरामांना जागा मिळते आणि हसू आवाजात उतरते. हे कोणी शिकवलेले नसते, आणि बाळ समोर नसताना तेच गाणे त्याच माणसाला पुन्हा गायला सांगितले, तर ही लक्षणे बरीचशी नाहीशी होतात. म्हणजे गाणाऱ्याच्या आवाजाला हा आकार बाळ समोर असल्यामुळे येतो. त्याहून लक्षणीय बाब अशी की आई तेच गाणे काही दिवसांनी पुन्हा गाते तेव्हा ती जवळजवळ त्याच पट्टीत आणि त्याच लयीत गाते. संगीताचे कोणतेही शिक्षण नसलेल्या, हातात तानपुरा नसलेल्या बाईच्या बाबतीत ही अचूकता थक्क करणारी आहे. मैफलीत ज्याला आपण नावीन्य म्हणतो, त्याच्या नेमक्या उलट मूल्यावर हे गायन उभे असते. बाळाला तेच गाणे, तसेच, पुन्हा हवे असते, कारण पुढे काय येणार हे आधी ठाऊक असणे आणि मग ते खरोखर येणे यातून जगाविषयीचा पहिला विश्वास बांधला जातो.

येथे एक आक्षेप रास्त ठरतो. माँट्रियलमधील एका प्रयोगात बाळांना त्यांच्या घरात न बोलल्या जाणाऱ्या तुर्की भाषेतील बोलणे आणि गाणे, दोन्ही ध्वनिमुद्रित स्वरूपात ऐकवले गेले. बोलणे ऐकताना ती सुमारे चार मिनिटांत रडवेली झाली, तर गाणे ऐकताना सुमारे नऊ मिनिटे शांत राहिली. मग अनोळखी गायिकेचे मुद्रित गाणे एवढे काम करत असेल, तर पालकाच्या बेताच्या गळ्याचा आग्रह कशाला? मुद्रित संगीताला स्वतःचे मूल्य आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. एरिन हॅनन आणि ट्रेहब यांच्या २००५ मधील अभ्यासांत सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकी बाळांना बाल्कन प्रदेशातील विषम मात्रांच्या लोकसंगीतातील चुका जाणवत होत्या. वर्षाची बाळे मात्र फक्त परिचित पाश्चात्त्य ठेक्यातल्याच चुका ओळखत होती, पण दोन आठवडे घरी तसे संगीत ऐकवल्यावर त्यांची ही क्षमता परत आली. रूपकाच्या तीन-दोन-दोन अशा सात मात्रा किंवा झपतालाच्या दोन-तीन-दोन-तीन अशा दहा मात्रा ज्या घरात कानावर पडत राहतात, त्या घरातल्या मुलाचा कान लवकर घडत असणार, असे मानायला यामुळे आधार मिळतो. भजनाची, नाट्यगीतांची, ख्यालाची ध्वनिमुद्रणे घरात वाजावीत ती यासाठी.

परंतु कान घडणे आणि नाते घडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात सहा महिन्यांच्या बाळांचे आणि त्यांच्या पालकांचे दोन गट करून सहा महिने साप्ताहिक वर्ग चालवण्यात आले. एका गटात पालक बाळांना घेऊन स्वतः गात, ठेका धरत, ठरावीक गाणी घोळवत, तर दुसऱ्या गटात बाळे खेळत असताना मागे मुद्रित संगीत वाजत राही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटातली बाळे बोट दाखवणे, टाटा करणे अशा खुणांनी अधिक संवाद साधत होती, अधिक हसत होती आणि लवकर शांत होत होती. ध्वनिमुद्रण बाळाच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. बाळाने डोळे मिटले म्हणून ते आवाज लहान करत नाही, आणि बाळ हुंकारले म्हणून थांबून वाटही पाहत नाही.

याच्या तुलनेत, संगीत ऐकवल्याने बाळाची बुद्धी वाढते या ज्या समजुतीवर बाजार उभा राहिला, तिचा आधार फारच तोकडा होता. १९९३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या टिपणात मोत्सार्टची एक रचना ऐकल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची अवकाशविषयक कोडी सोडवण्याची क्षमता काही मिनिटांपुरती वाढल्याचे म्हटले होते. त्यात बाळांचा संबंध नव्हता. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अभिजात संगीताची तबकडी पाठवण्यासाठी सरकारी तरतूद मागितली. मराठी घरांत 'बुद्धी वाढवणारे' म्हणून विकले जाणारे संगीत याच विचाराचे भावंड आहे, आणि त्याचा खरा दोष असा की ते गाण्याला टॉनिक बनवते आणि पालकाला ते पाजणारा.

मराठी परंपरेत बाळाचे गाणे असे कधीच नव्हते. त्या परंपरेत निदान तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र नांदतात आणि त्यांची सरमिसळ करू नये. पाळणा हे समूहाचे गाणे आहे; बारशाला बायका पाळण्याभोवती जमून ते म्हणतात, रामनवमीला, गोकुळाष्टमीला, शिवजयंतीलाही ते म्हटले जाते, आणि पुष्कळ पाळण्यांची कडवी पहिला दिवस, दुसरा दिवस अशी जन्मानंतरचे दिवस मोजत पुढे जातात; त्यातून नव्या जिवाला कुळात आणि गावात सामावून घेतले जाते. अंगाई हे एकांतातले गाणे आहे, तिला श्रोता एकच, तोही झोपेला आलेला. तिसरा प्रकार मांडीवरच्या खेळगाण्यांचा, ज्यात तळहातावर बोट टेकवून मोराला बोलावतात, दाणा टिपायला लावतात आणि शेवटी त्याला भुर्रकन उडवून लावतात. या खेळगाण्यांकडे अभ्यासकांनी दिले त्याहून अधिक लक्ष द्यायला हवे. त्यांत अर्थ जवळजवळ नसतो, पण स्पर्श, ताल, प्रतीक्षा आणि शेवटचा अपेक्षित धक्का यांची बांधणी इतकी पक्की असते की आठ-नऊ महिन्यांचे बाळही शेवटची ओळ येण्याआधीच हात आखडून हसू लागते. पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक आहे, हे ते समोरच्याला कळवते. संवादाची ती फार प्राथमिक आणि फार संपूर्ण अशी रीत आहे.

अंगाईविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ती बाळासाठी असते, तितकीच गाणाऱ्यासाठी असते. 'दत्त' या नावाने लिहिणारे दत्तात्रेय कोंडो घाटे यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या प्रसिद्ध अंगाईत गरीब आई बाळाला निजवता निजवता घराचे दारिद्र्य बोलून दाखवते, आणि जात्यावरच्या ओव्यांत तर लेकराच्या कौतुकाला लागूनच माहेरची आठवण आणि सासरचा जाच येतो. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून चालवलेल्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि आता त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात क्रमाने प्रसिद्ध होत आहेत. बाळाला शब्द कळत नाहीत, म्हणूनच त्याच्याजवळ सगळे बोलता येते. त्याला कळतो तो आवाजाचा संथपणा, आणि दुःख सांगणारा आवाज संथ ठेवता ठेवता सांगणारीही थोडी सावरते. थकलेल्या पालकाला गाणे हे आणखी एक कर्तव्य वाटू नये, यासाठी ही बाजू ध्यानात ठेवायला हवी.

त्या ओव्या गाणाऱ्या बायकांना कोणी गायिका म्हटले नाही आणि त्यांनीही स्वतःला तसे मानले नाही. दळण होते म्हणून गाणे होते. पिठाची गिरणी आली आणि पहाटेच्या अंधारातले ते काबाडकष्ट संपले, हे निःसंशय भले झाले. त्याविषयी हळहळणे म्हणजे ज्यांनी ते कष्ट उपसले त्यांच्यावर अन्याय करणे होय. मात्र श्रमाबरोबर गाण्याचे निमित्तही गेले आणि त्याच्या जागी दुसरे निमित्त उभे राहिले नाही. पुढे आकाशवाणी, कॅसेट, दूरचित्रवाणीवरील स्पर्धा आणि हातातला फोन यांनी उत्तम गाणे प्रत्येक घरात आणले, आणि त्या उत्तम गाण्याशी तुलना होऊन घरचे गाणे हळूहळू लाजू लागले. 'मला गळा नाही' हे वाक्य आज शिकलेली माणसे ज्या सहजपणे उच्चारतात, त्या सहजपणे ती 'मला बोलता येत नाही' असे म्हणणार नाहीत.

ही लाज सार्वत्रिक नाही, याचा पुरावा दर भाद्रपदात मिळतो. गणपतीच्या आरतीला उभ्या असलेल्या घरात कोणाची पट्टी कोणाशी जुळत नाही, आजोबांचा ठेका पुढे धावतो, मधली कडवी पुटपुटली जातात आणि धृपदाला सगळे एकदम सापडतात. त्या गर्दीत कडेवरचे वर्षाचे मूल टाळ्या वाजवते आणि दोन वर्षांचे मूल शब्दांचे शेवट तेवढे पकडून ओरडते. कोणीही त्याला बेसूर म्हणत नाही. सामूहिक गायनाची जी पद्धत शिक्षणतज्ज्ञांना प्रयत्नपूर्वक उभारावी लागते ती येथे आयती चालू आहे, आणि जे घर दहा दिवस असे गाऊ शकते त्याला उरलेले वर्ष गप्प बसण्याचे कारण नाही.

वडिलांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. महाराष्ट्रातला पुरुष भजनी मंडळात गातो, दिंडीत गातो, पोवाडा गातो, कीर्तनात टाळ धरतो. फक्त पाळण्यापाशी त्याचा आवाज बंद होतो, कारण ते बायकांचे काम ठरले. वडिलांच्या खालच्या पट्टीतल्या अभंगावर झोपलेल्या मुलाचे काहीही बिघडत नाही. अंगाई म्हणून वेगळी रचना पाठ असण्याचीही आवश्यकता नाही, कारण संथ केलेले कोणतेही गाणे, मग ते चित्रपटाचे असो वा शाळेतल्या प्रार्थनेचे, अंगाई होऊ शकते. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या घरी या आवाजाला आणखी एक काम असते: 'ळ' आणि 'ण' हे वर्ण जिभेवर रुळवण्याचे, जे शिकवणीपेक्षा गाण्यात कितीतरी हलक्या हाताने होते.

मूल स्वतः गाऊ लागते, साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान, तेव्हा पालकाची कसोटी लागते. त्याच्या गुणगुणण्यात आधी शब्द येतात, मग चालीची ढोबळ चढण-उतरण येते, आणि नेमके स्वर पुष्कळ उशिरा, कधी शाळेत गेल्यावर, येतात. दोन गाण्यांची मोडतोड करून त्याने रचलेले तिसरे गाणे ही चूक नसून रचना असते, आणि तिच्यावर 'नीट म्हण' ही सूचना किंवा पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव' ही फर्माईश, दोन्ही सारख्याच घातक आहेत. क्लासचा प्रश्न पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत सहज थांबू शकतो.

जे थांबू नये ते दुसरीकडे आहे. न्यू यॉर्कच्या संगीतोपचारतज्ज्ञ जोआन लोवी यांच्या पुढाकाराने ११ रुग्णालयांत २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पालकांनी स्वतः निवडलेले, त्यांच्या घरचे गाणे अंगाईच्या संथ लयीत प्रत्यक्ष गायले गेले. बाळांच्या दूध ओढण्यावर त्याचा चांगला परिणाम दिसला आणि पालकांचा ताणही उतरला. महाराष्ट्रातील रुग्णालयांत कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत, जिला कांगारू मातृसेवा म्हणतात, रुळलेली आहे, आणि तासन्‌तास तशा बसलेल्या आईला गाण्याची परवानगीच नव्हे, तर प्रोत्साहन मिळायला कोणताही खर्च येत नाही. तेच अंगणवाडीचे. बाळाचे वजन, लस आणि आहार विचारणाऱ्या सेविकेने 'बाळाजवळ घरात कोण गातं?' एवढा एक प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर गाणे हे हौशीचे नसून संगोपनाचे अंग आहे ही जाणीव, ज्या घरांपर्यंत कोणतेही संशोधन पोहोचत नाही त्या घरांपर्यंतही, परिचित माणसाच्या तोंडून पोहोचेल.